कोरडं गाव

समोरच्या माणसाचं आडनाव कळल्याशिवाय त्याच्याशी हवापाण्याचंही न बोलणारा माणूस अख्ख्या टेक्सासात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला होता. जातीबितीशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना हवं असायचं गाव. "आडनाव?" असं विचारलं, की उत्तर येईपर्यंत त्यांची मान जराशी तिरकी व्हायची, आणि उत्तर आलं की डोळे मिटून ते तालुका, जिल्हा आणि जवळचं स्टेशन सांगून मोकळे. आमच्या प्लेनो गावच्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभ्या असलेल्या सत्तर-ऐंशी माणसांना त्यांनी एकदा जिल्हावार उभं केलं होतं. रत्नागिरीवाले इकडे, साताऱ्याचे तिकडे. त्या भानगडीत शिरा गार झाला आणि अध्यक्षीणबाई माझ्यावर डाफरल्या. "तुमचे मामा आवरा," म्हणाल्या. आवरायला ते काय पसारा होते?

यात त्यांचा तरी काय दोष! उभी हयात त्यांनी रेल्वेच्या टपालाच्या डब्यात पत्रं लावण्यात घालवली होती. धावत्या गाडीत उभं राहायचं, समोर भिंतभर खण, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि पुढचं स्टेशन यायच्या आत प्रत्येक पत्र आपापल्या खणात पडलेलं हवं. निवृत्त झाले, मामी गेल्या, मुलाने, म्हणजे नितीनने, त्यांना इकडे आणलं, तरी हात थांबले नाहीत. फक्त पत्रांऐवजी माणसं आली. माझी नोकरी अर्धवेळ, गाडी दारात, घर पाच मिनिटांवर. त्यामुळे डॉक्टर, देऊळ, इंडियन ग्रोसरी या सगळ्या फेऱ्यांची ड्रायव्हर मीच. "सूनबाई, गाडी काढा," हे वाक्य मी सहा वर्षांत इतक्यांदा ऐकलं, की अजूनही फोन वाजला की हात आधी किल्लीकडे जातो.

आता, आपल्याकडची ही विद्या इथे चालत नाही एवढं साधं कोणालाही कळेल. मामांना कळलं नाही. उलट टेक्सासचा नकाशा हातात आल्यावर त्यांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला, कारण इथली निम्मी गावं म्हणजे आडनावंच! दाताचे डॉक्टर टायलर. मामांनी तोंडात यंत्र असतानाच त्यांना विचारलं, की टायलरला घर अजून आहे का, की भाऊबंदांनी घेतलं. एसी दुरुस्त करायला आलेल्या डेंटनला त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि डेंटन चाळीस मिनिटांवर असूनही तो तिथे कधी गेलेला नाही हे ऐकल्यावर चहा परत घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. टपाल टाकायला येणारी बाई ऑस्टिन. ती तर आपल्याच खात्यातली! तिला रोज सलाम, आणि पहिल्याच दिवशी प्रश्न: "खास ऑस्टिन, की तालुका ऑस्टिन?" ती बिचारी हसून निघून गेली. मामांनी वहीत लिहिलं: 'ऑस्टिन. बहुधा तालुका.'

शेवटी त्यांच्या नातीने, ईशाने, धीर केला. ती इथेच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी, मनाने फार चांगली. "आजोबा, इट्स द अदर वे राउंड," ती म्हणाली. "इथे टाऊन्सना माणसांची नावं देतात. आधी पर्सन, मग टाऊन." रात्री जेवताना मामा भात कालवता कालवता म्हणाले, "आधी माणूस, मग गाव. बरं. मग तो माणूस जन्माला कुठे आला? विमानात?" आणि दुसऱ्या दिवसापासून चौकशा पूर्ववत सुरू.

त्यांचा नियम एकच होता. ज्याच्या आडनावात गाव आहे, त्याने जन्मात एकदा तरी त्या गावी जावं, गावदेवीला नारळ फोडावा आणि चिमूटभर माती घरी आणावी. देवी ओळखते, म्हणायचे, आडनाव सांगावं लागत नाही.

आणि हा नियम त्यांना स्वतःला पाळता येत नव्हता. तेच तर सगळं दुःख होतं. त्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा लगेच नकाशा उघडेल, आणि नकाशात त्या जागी निळं आहे. मामा विशीत असताना धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. माणसांना माळावर पत्र्याची घरं मिळाली, त्या वस्तीला एक नंबर मिळाला, आणि नाव राहिलं ते फक्त माणसांच्या मागे. टपालाच्या डब्यात त्यांच्या गावाचा खण होता. एके दिवशी वरिष्ठांनी त्याच्यावरची चिठ्ठी काढून दुसऱ्या गावाची लावली. हे सांगताना मामा नेहमी हसायचे. मला ते हसणं कधी बघवलं नाही. मंडळाची पिकनिक तळ्यावर असली, की सगळे काठावर कणसं भाजत आणि मामा गाडीत काचा वर करून, पाठ फिरवून बसत. "पाणी काय बघायचं, सूनबाई? पाण्याखाली काय आहे ते दिसतं का?"

धरणाचं पाणी उन्हाळ्यात फार खाली गेलं, तरच देवीच्या देवळाचं शिखर वर येतं. दहा-बारा वर्षांतून एखाद्या वेळी. नोकरी, बदल्या, मामींचं आजारपण, दर वेळी काहीतरी आडवं आलं आणि मामांचं जाणं हुकलं. आता ते रोज सकाळी दात घासायच्या आधी फोनवर धरणाची पातळी बघत. पाणी उतरावं म्हणून देवाला सांगायचं, तर धरणाखालचे शेतकरी मरतात. उतरू नये म्हणायचं, तर गाव दिसत नाही. "काय मागू हो?" मला विचारायचे. "दुष्काळ मागू? शोभतं का या वयात?" मग दोन्ही हात जोडून नुसतेच उभे राहायचे, काहीच न मागता.

अशा माणसाला मेरिक भेटले. शेजारचं घर त्यांचं. एकटे, ऐंशीच्या पुढचे, जन्मभर ट्रक चालवलेले, बायको गेलेली, बोलणं मोजून मापून. ऑस्टिनबाई सुटीवर असताना बदलीच्या माणसाने मेरिकांचं एक पत्र नितीनच्या दारातल्या टपालपेटीत टाकलं आणि मामांचं एक मेरिकांच्या. चुकलेलं पत्र म्हणजे मामांना घरात साप निघाल्यासारखं. ते पत्र हातात धरून तरातरा शेजारी गेले, आणि अर्ध्या तासाने परत आले ते नकाशा मागत. नकाशात मेरिक नावाचं गाव होतं! पश्चिमेला, गाडीने तीन तास. मेरिकसाहेब तिथे कधी गेले नव्हते. "सूनबाई," मामा म्हणाले, "ऐंशी वर्षांचा माणूस आहे. आज आहे, उद्या नाही. गाडी काढा."

मी कुरकुरले. पेट्रोल कुणाचं, शनिवार कुणाचा, असं सगळं मनात बोलून घेतलं आणि गाडी काढली. एप्रिल होता. मागच्या सीटवर मामा, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ. पुढे मेरिक, डोक्यावर हॅट. शहर संपलं, मग शेतं, मग पवनचक्क्या, मग काहीच नाही. मेरिक गाव म्हणजे रस्त्याच्या कडेला एक हिरवी पाटी, बंद पडलेला कापसाचा कारखाना आणि फळ्या ठोकून बंद केलेलं चर्च. कुत्रंसुद्धा दिसेना. मला रडूच यायला लागलं; एवढ्या लांब आणून म्हाताऱ्याला हे दाखवायचं? मेरिक म्हणाले, "माझं इथे कोणी नाही, नेबर. नुसतं नाव सारखं आहे."

"नो पीपल, नो प्रॉब्लेम," मामा म्हणाले. "नेम इज देअर."

देवी नाही म्हणून त्यांनी पाटीच्या खांबालाच हात जोडले, खांबाच्या बुडाशी दगडावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा मेरिकांच्या हातावर ठेवला. मेरिकांनी हॅट काढली. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बोडक्या डोक्याने उन्हात उभे राहून त्यांनी ते खोबरं सावकाश चावून खाल्लं. मामा खाली बसले, मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली आणि कितीतरी वेळ चुरतच राहिले. मग मला म्हणाले, "यांना सांगा, यांचं गाव कोरडं आहे." मी सांगितलं. मेरिकांना वाटलं तक्रार आहे. "हो, पाऊसच नाही," ते ओशाळून म्हणाले. मामांनी ती माती टपालाच्या पाकिटात भरली, वर नाव लिहिलं, जीभ लावून पाकीट चिकटवलं आणि मेरिकांच्या खिशात सरकवलं. परत येताना दोघेही गाडीत गाढ झोपले होते.

त्याच मेच्या अखेरीस मामांच्या तिकडच्या पुतण्याने धरणाचा व्हिडिओ पाठवला. शिखर वर आलं होतं. काळं, शेवाळाने माखलेलं, पण अख्खं. पायरीपर्यंत चालत जाता येत होतं. मामांनी तो व्हिडिओ उभ्यानेच पाहिला, बसायचं सुचलं नाही त्यांना. नितीनला म्हणाले, "मला उद्या पाठव." एकट्याला पाठवायची डॉक्टरांची परवानगी नव्हती, आणि नितीनच्या ऑफिसात माणसं काढायला सुरुवात झालेली. "बाबा, फक्त थ्री वीक्स. प्रोजेक्ट रिलीज झाला की मी स्वतः घेऊन जातो, प्रॉमिस." तिकिटं जूनच्या विसाची काढली. मामांनी त्याच दिवशी बॅग भरली आणि वर नारळ ठेवला. नारळ विमानात चालत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

जूनच्या बारा तारखेला धरणाच्या वरच्या अंगाला धो धो सुरू झालं. दोन दिवसांत पायऱ्या गेल्या, चौथ्या दिवशी शिखर. मामांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं. खालच्या लोकांच्या पेरण्या होतील." मग नितीनला म्हणाले, "कॅन्सल कर बाबा. आता काय पाण्याला भेटायला जायचं?" नितीनने कॅन्सल केलं. मामांनी चिडावं, बोलावं, आदळआपट करावी, काहीही करावं असं मला वाटत होतं. बॅगेतल्या नारळाची त्यांनीच चटणी करायला सांगितली.

त्यानंतर त्यांनी कोणाला आडनाव विचारलं नाही. दातांच्या दवाखान्यात नवी मुलगी आली होती, छातीवर नावाची पट्टी, त्यावर आडनाव 'क्लेटन'. मी मुद्दाम म्हटलं, "मामा, क्लेटन." त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि तोंड उघडून मुकाट्याने खुर्चीत बसले. गाडीत आल्यावर मी रडले. ते म्हणाले, "दात माझे, आणि रडता तुम्ही?" सप्टेंबरात एका सकाळी ते उठलेच नाहीत. फोन उशाशी होता.

अस्थी घेऊन नितीन धरणावर गेला. धरण काठोकाठ भरलेलं. होडीवाल्याने विचारलं, कुठे सोडायच्या? चहूकडे पाणीच पाणी; गाव नेमकं कुठे बुडालंय ते कोणालाच सांगता येईना. पुतण्याने हात केला तिकडे होडी नेली. परत आल्यावर नितीन माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "अंदाजे सोडल्या, वहिनी. बाबांनी जन्मात कधी पत्र अंदाजे टाकलं नाही." मी त्याला पोळी वाढली.

फेब्रुवारीत मेरिकांनी माझ्या दारावर टकटक केली. हॅट हातात. म्हणाले, मेरिकला जायचंय, गाडी चालवशील का, आणि नेबरच्या मुलालाही घे. मी कारण विचारलं नाही. तिघं गेलो. तीच हिरवी पाटी, तोच खांब. पण पाटीच्या पलीकडे कुंपणाला एक नवी लाकडी फळी ठोकलेली होती, आणि फळीवर मामांचं आडनाव. हार्डवेअरच्या दुकानात घराच्या टपालपेटीवर चिकटवायची अक्षरं मिळतात ना, काळी-सोनेरी, ती. सगळी बरोबर, एकही चुकलेलं नाही. मेरिकांनी खिशातून मामांचं ते चुकीच्या पेटीत पडलेलं पत्र काढून दाखवलं. ते जाहिरातीचं होतं म्हणून मामांनी त्यांच्याकडून परत घेतलं नव्हतं, आणि मेरिकांनी टाकून दिलं नव्हतं. त्यावरून एकेक अक्षर उतरवलं होतं. "माझ्या पुतण्याबरोबर येऊन लावली," म्हणाले. "इथे कोण हरकत घेणार? त्याने मला माझं गाव दाखवलं. त्याला गाव उरलं नव्हतं, असं त्याने एकदा सांगितलं होतं."

नितीन फळीपाशी गेला. इतके महिने तो रडला नव्हता. ऑफिस, तिकिटं, कागदपत्रं, सगळं सरळ चेहऱ्याने केलं होतं. तो तिथेच मातीत बसला. दोन्ही हात जमिनीवर टेकवले आणि रडत रडत मला विचारलं, "वहिनी, इथे कधी धरण होणार नाही ना?"

मेरिकांनी माझ्याकडे पाहिलं, मुलगा काय म्हणतोय म्हणून. मी सांगितलं. त्यांनी चारी बाजूंना नजर फिरवली. भेगाळलेली शेतं होती, फळ्या ठोकलेलं चर्च होतं, लांब कुठेतरी पवनचक्क्या फिरत होत्या.

"इथे?" ते म्हणाले. "इथे नदीच नाही. त्याला म्हणावं, काळजी करू नकोस."

मी नितीनजवळ जाऊन बसले आणि त्याला तसं सांगितलं.