तापलेलं टोपण

"टोपणाला हात लावाल तर हात तोडीन, ताई!"

पेठ रोडवरच्या त्या गॅरेजात माझं स्वागत असं झालं. माझ्या जुन्या टर्बो डिझेल गाडीच्या बॉनेटखालून वाफ येत होती. रुमाल गुंडाळून मी रेडिएटरचं टोपण फिरवायला वाकले होते. तेवढ्यात पन्नाशी ओलांडलेला एक धिप्पाड माणूस धावत आला आणि मनगट धरून त्याने मला बाजूला फेकलं. फेकलं हाच शब्द बरोबर आहे, कारण मी थेट टायरच्या ढिगावर जाऊन आपटले.

"आत पानी उकळतंय! तोंडावर आलं असतं म्हंजे?"

मी खूप चिडले होते. पण गाडी जागची हलत नव्हती, त्यामुळे मलाही हलता येईना.

सगळे त्यांना मामा म्हणत. तापट माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण मामांचा राग हातात उतरायचा. नट फिरला नाही की पाना भिंतीवर जाऊन आदळायचा. गॅरेजची पत्र्याची भिंत आतून पोचे पडून पार चेंबली होती. इंजिन तापल्याचा काटा वर चढलेला दिसूनही गाडी दामटत आणणाऱ्या एकाला तर त्यांनी कॉलर धरून रस्त्यापर्यंत ढकलत नेलं होतं. मागच्या खोलीत मामी राहायच्या. आवाज फार चढला की त्या दारात येऊन नुसतं "अहो" म्हणत. कधी उपयोग व्हायचा, कधी नाही.

माझ्या गाडीचं दुखणं विचित्र होतं. मी घोटीला कॉलेजात शिकवते, रोजची ये-जा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, सारखं कमी व्हायचं, पण गाडीखाली एक थेंब दिसायचा नाही. मामांनी एक्झॉस्टचा धूर हुंगला, ऑइलचं झाकण उघडून पाहिलं आणि निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागंल."

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनाच शंका आली. थंड इंजिनात पंपाने हवेचा दाब भरून पाहिला, काटा तसूभर उतरला नाही. ऑइलही स्वच्छ होतं, म्हणजे गॅस्केट शाबूत असणार. "चला," म्हणाले, आणि मला शेजारी बसवून चढावर गाडी अशी पिटाळली की मी डोळेच मिटून घेतले. परत आल्याआल्या त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीचा उजेड मारला आणि नाक पुढे केलं.

"गोड वास येतोय?"

करपलेल्या साखरेसारखा वास होता. टर्बोच्या मागे बारीक पाइपच्या जोडावर पांढरट हिरवी खपली धरली होती. इंजिन तापलं, दाब वाढला की तिथून थेंब सुटायचा आणि लालभडक टर्बोवर पडून जागीच वाफ व्हायचा. मग जमिनीवर काय पडणार?

मला हसू आलं. मामांनी मात्र स्वतःच्याच गालावर खाडकन चपराक मारली. "हेड म्हनलो मी! ताईचं इंजिन खोलत होतो, गाढव!" आणि दुसऱ्या गालावर मारायला हात उचलला. मामी आतून म्हणाल्या, "अहो." तेव्हा तो हात खाली आला.

पुढे मी अधूनमधून मामींकडे चहाला जायला लागले. अशाच एका उन्हाळ्यातल्या दुपारी ते घडलं.

वाफ ओकत एक मोठी पांढरी गाडी आत आली. जमिनीच्या व्यवहारातला एक तालेवार माणूस, त्याचे दोन साथीदार आणि वयस्कर ड्रायव्हर. त्यांना लग्नाला पोचायचं होतं. मालक ड्रायव्हरला म्हणाला, "खोल टोपण, पाणी टाक."

"साहेब, जरा निवू द्या."

मालकाने त्याच्या थोबाडीत लगावली. ड्रायव्हर मुकाट्याने फडकं घेऊन वाकला. मामा धावत आले आणि त्यांनी त्याच्या कमरेत अशी लाथ घातली की तो गाडीपासून लांब जाऊन पडला.

"माझ्या माणसाला लाथ घालतो?" मालकाने जॅकचा दांडा उचलून मामांच्या कानशिलावर हाणला. मामांनी उलट ठोसा दिला. मग दोघा साथीदारांनी मामांचे हात मागून धरले आणि मालक पोटात बुक्क्या घालत सुटला. मामांच्या तोंडातून रक्त येत होतं. ते एवढंच म्हणत होते, "मला मार. टोपण नको. मला मार."

"टोपण टोपण काय लावलंय रे!" असं म्हणत मालकाने केवळ खुन्नस म्हणून ते स्वतःच फिरवलं.

स्फोटासारखा आवाज झाला. उकळतं पाणी मालकाच्या तोंडावर उडालं. ती किंचाळी मला अजून ऐकू येते.

साथीदारांचे हात सुटले. मामांनी मालकाची मानगूट पकडली, फरफटत नळापाशी नेलं, छातीवर गुडघा रोवला आणि गाड्या धुवायचा पाइप त्याच्या तोंडावर धरला. तो लाथा झाडत होता, मामांच्या हाताला कडकडून चावत होता. मामा त्याची बोटं डोळ्यांवरून उपटून काढत होते. साथीदारांना वाटलं, हा जीवच घेतोय. एकाने दांडा मामांच्या उजव्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मामांनी पाइप डाव्या हातात घेतला, पण गुडघा हलवला नाही.

दांडा पुन्हा उचलला गेला, तेवढ्यात मामी चुलीवरचं उकळतं चहाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या.

"आता पुढं याल तर हे तुमच्या तोंडावर."

दोघे थबकले. लाथ खाल्लेला ड्रायव्हर लंगडत आला आणि त्याने मालकाचे पाय धरून ठेवले. मी अँब्युलन्सला फोन केला. अँब्युलन्स येईपर्यंत मामांनी पाणी थांबू दिलं नाही.

मालकाचा चेहरा भाजला, पण डोळे वाचले. लगेच पाणी मिळालं म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या माणसांनी मामांविरुद्ध केलेली तक्रार पुढे गुपचूप मागे घेतली. मामांना भेटायला दवाखान्यात मात्र तो कधी आला नाही.

आला तो ड्रायव्हर. नोकरी सोडून, रोज डबा घेऊन. मामांना घास भरवायचा आणि वर शिव्या खायचा. "सावकाश भर ना! तोंड हाय का डिझेलची टाकी?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात मामींनी मला सांगितलं. मामांचा धाकटा भाऊ सुरगाण्याकडे जीप चालवायचा. घाटात इंजिन तापलं, त्याने टोपण उघडलं. मामा सोबत होते. जीपमध्ये पाण्याचा भरलेला कॅन होता. पण भाजल्यावर पाणी घालू नये, असंच तेव्हा त्यांना सगळ्यांनी शिकवलेलं. म्हणून तोंडाला फडकं बांधून ते त्याला घेऊन धावत सुटले. भावाचे दोन्ही डोळे गेले.

"कॅन भरलेला होता," मामी म्हणाल्या. "झोपेत अजून तेच बोलतात."

कोपर वाकलेलंच राहिलं. पाना धरता येईना. मामांनी गॅरेज बंद केलं आणि भावाकडे गावी जायचं ठरवलं. सामानाचा टेम्पो त्या ड्रायव्हरनेच चालवायला घेतला.

मी निरोप द्यायला गेले, तर मामा माझ्याकडे बघेनात. मग एकदम ओरडले, "उन्हात काय उभ्या राहिलात? घरी जा!" त्यांचे डोळे भरले होते.

टेम्पो पेठच्या दिशेने निघाला. "दुसऱ्यात टाक, दुसऱ्यात! गिअर मोडतो का काय!" हे वळणापर्यंत ऐकू येत होतं. आणि खिडकीतून दिसत होतं ते त्यांचं वाकडं कोपर, आणि खड्ड्यांचा धक्का लागू नये म्हणून त्याखाली धरलेला मामींचा हात.