तिसऱ्या माथ्याखालचं टाकं

एका दिवसात पाच माथे चढायचे आणि संध्याकाळी गळ्यात पदक घालून घ्यायचं, या उद्योगाला ते लोक 'निसर्गाशी नातं' म्हणत होते. सत्तावीस जण, एकाच निळ्या रंगाचे टी-शर्ट, पाठीवर छापलेलं: सह्याद्री वाचवा. कोणापासून वाचवायचा, ते छापायला पाठीवर जागा नसावी.

मी त्यांच्यात गेलो तो त्यांच्याचविरुद्ध चार पानी पत्रक लिहायच्या इराद्याने. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे होते. वडील ती लिहायचे, आई घड्या घालायची, मी त्यांवरूनच वाचायला शिकलो. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होतं. त्यामुळे डोंगर विकणाऱ्यांची चीड माझ्या अंगात लहानपणापासून आहे.

चिपळूणहून पहाटे गाडी निघाली. पायथ्याच्या धनगरवाडीतली एक बाई वाट दाखवायला आली. वाडीतले पुरुष मुंबईला, म्हणून हे काम तिच्याकडे. कमरेला कोयता, पायात झिजलेली स्लिपर. तिला सगळे 'मावशी' म्हणत होते, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

पहिल्या माथ्यावर आम्ही थांबलो फक्त फोटोपुरते. दुसऱ्यावर त्याहून कमी, कारण म्होरक्याच्या घड्याळाने आम्ही मागे पडल्याचं सांगितलं. तिथून अख्खं वाशिष्ठीचं खोरं दिसत होतं. कुणी पाहिलं नाही. एकाने विचारलं, "इथे रेंज येते का?"

तिसऱ्या माथ्याखालच्या खिंडीत कातळात खोदलेलं टाकं आहे. म्होरक्याने फोन बघून आरोळी दिली, "बारमाही पाणी! ॲपवर आहे!" आणि सगळे तुटून पडले. बाटल्या बुडवल्या, तोंडं धुतली, मग डोक्यांवर ओतून घेतलं. एकाने मोजे खळबळले. मावशी एका लंगडणाऱ्याला सांभाळत बरीच मागे राहिली होती. मी काय करत होतो? तोंड धुवून झाल्यावर, शेजारच्याला डोंगर कोणाचा असतो हे समजावून सांगत होतो.

ती आली, टाक्यात वाकून पाहिलं. तळाचं शेवाळ दिसत होतं.

"ह्ये पानी कोनी सांडलं?"

"मावशी, झरा आहे ना, भरेल परत," म्होरक्या म्हणाला.

"हितं झरा कुटं हाय? पावसाचं पानी शिमग्यालाच संपतं. मग बाया खालच्या पऱ्यातनं डोक्यावरनं आनतात. घराघराची पाळी असते. आज माजी व्हती. सकाळी भरून मंग तुमच्यासंगं आले."

माथ्यांची वाट वळसा घेत आली होती, वाडी खिंडीच्या थेट खालीच होती. पऱ्याची, म्हणजे ओढ्याची, घळ इतकी उभी की म्हशी तिथे उतरूच शकत नाहीत. चरून वाडीत परतताना, उन्हं कलली की, त्या या टाक्यावर येतात. दिवसाचं तेवढंच पाणी. आज ते नसलं तर तिच्या पाळीत म्हशी तहानलेल्या राहिल्या, असं वाडीत म्हटलं जाणार होतं.

म्होरक्याने घड्याळ पाहिलं. "सॉरी हं मावशी. पण खालून पुन्हा आणता येईल ना?"

"येल की. चल, तू येतोस?"

दोघे-तिघे हसले. तो नाही हसला. दोन माथे बाकी होते, अंधाराच्या आत उतरायचं होतं. आता पुढची वाट कोण दाखवणार, एवढीच त्याला काळजी.

"वाट सरळ हाय," ती म्हणाली. "चुकलात तरी खालीच जाल."

मी पुढे होऊन त्याला सुनवायला लागलो. तुमचा शर्ट, तुमचं पदक, तुमची ही सुट्टीची क्रांती. चांगली वाक्यं सुचत होती. तिने माझ्या कोपराला धरून मला बाजूला केलं.

"दादा, तोंड झ्याक हाय तुमचं. खांदा कसा हाय?"

निळे शर्ट चौथ्या माथ्याकडे निघून गेले आणि मी वाडीतून आणलेला हंडा घेऊन घळीत उतरलो. पाणी बोटाएवढ्या धारेने येत होतं. हंडा भरायला लागतो तेवढ्या वेळात मी एरवी अर्धं पान लिहितो. पहिल्या खेपेला टाक्यात पोचला तो अर्धाच हंडा. वाडीतल्या दोन बाया मदतीला आल्या होत्या, त्यांतली थोरली म्हणाली, "पावना टाकं भरतोय का वाट शिंपतोय?"

उन्हं कलली. म्हशी खिंडीत आल्या तेव्हा टाक्यात वीतभर पाणी होतं. मोठ्या म्हशींनी शिंगं लावून रेडकांना ढकललं, तशी मावशी काठी घेऊन मध्ये उभी राहिली. तिने आधी रेडकांना पाजलं, मग एकेका म्हशीला थोडं थोडं. शेवटची दोन जनावरं कोरडा कातळ चाटत राहिली.

समोरच्या पाचव्या माथ्यावर झेंडा नाचत होता. शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"काय म्हंतायत ती?" तिने विचारलं.

"जिंकलो म्हणतायत."

"कुनाला?"

तिने त्या दोन म्हशींच्या पाठीवर थाप मारली, त्यांना तिथेच बांधलं आणि रिकामा हंडा माझ्यापुढे सरकवला.