मिनिटरावांची चाचणी फेरी

बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं आखणाऱ्या माणसाला सगळे मिनिटराव म्हणत, आणि त्यात लोकांचा काही दोष नव्हता. देवानं एकेकाला एकेक वेड देऊन धाडलेलं असतं. यांना वेळेचं दिलं. जिन्यात कोणी थांबवून विचारलं, "पाचेक मिनिटं आहेत का?" तर मनगटाकडे बघून म्हणायचे, "चार आहेत." आणि चार मिनिटं झाली की समोरच्याचं वाक्य अर्धं असलं तरी मान लववून जिना उतरू लागायचे. पण माणूस लाख मोलाचा. कोणाच्या घरी आजारपण असलं की दवाखान्याची गाडी कुठून, किती वाजता मिळेल हे बिनचूक सांगणार आणि वर थांब्यापर्यंत पोचवायला येणार.

अशा माणसानं बायकोमुलांना परदेशी फिरायला न्यायचं ठरवलं, तेही तिसऱ्यांदा. पहिल्या वर्षी धाकटा रांगत होता म्हणून राहिलं. दुसऱ्या वर्षी तो पळायला लागला म्हणून राहिलं.

"रांगतो म्हणून नको, पळतो म्हणून नको," बायको म्हणाली. "आता त्याचं लग्नच होऊ दे. सूनही येईल मदतीला."

मिनिटरावांनी तेवढं हसून घेतलं. पण या खेपेला गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. थोरली सात वर्षांची. दोन्ही वर्षं तिनं वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, आम्ही विमानानं समुद्रापलीकडे जाणार. दोन्ही वर्षं सुट्टी संपल्यावर ती खाली मान घालून शाळेत गेली. घरी ती काही बोलली नाही. पण तिच्या वहीच्या कव्हरवर कोणीतरी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'थापाडी'. ते मिनिटरावांच्या नजरेस पडलं. त्यांनी गुपचूप नवं कव्हर घातलं आणि दुसऱ्या दिवशी सहली काढणाऱ्या बाईंना फोन करून आठ दिवसांच्या सहलीत चार जागा धरायला सांगितल्या.

मग आराखडा सुरू झाला. फ्रिजच्या दारावर कागद चिकटला. बायकोनं हात पुसत पुसत तो मोठ्यानं वाचला. "सहा दहा, धाकट्याचं दूध. सहा सतरा, सांडलेलं दूध पुसणे. सहा चोवीस, एका बुटाचा शोध..." ती थांबली. "अहो, बूट हरवायची वेळसुद्धा ठरवलीत?"

"रोज हरवतो. मग त्याला जागा नको द्यायला?"

"आणि मी चिडायचं कधी?"

"सहा एकतीस. खाली आहे बघ."

डेपोत नवा मार्ग सुरू करण्याआधी माणसांऐवजी वाळूची पोती भरून एक चाचणी फेरी काढायची रीत होती. मिनिटरावांना ती घरीही काढायची होती. रविवारी सकाळी त्यांनी बाहेरच्या खोलीत खुर्च्यांच्या दोन रांगा लावल्या, कमरेला बांधायला ओढण्या आणल्या आणि जाहीर केलं, "चार तास. जागेवरून उठायचं नाही."

"माझ्या जागी पोतं ठेवा. मला कपडे वाळत घालायचेत."

"पोतं कंटाळत नाही गं. मला खरी माणसं हवीत."

खरी गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. देवाला तेवढी माहीत होती. त्यांना मनातून वाटत होतं, तासाभरात धाकटा घर डोक्यावर घेईल, थोरली कुरकुरेल, आणि मग आपल्याला सुस्कारा टाकून म्हणता येईल, बघा, मुलं अजून लहानच आहेत. कव्हरवरचा तो शब्द आठवला की स्वतःचीच लाज वाटे. पण विमान आठवलं की ती लाजही पळून जाई.

आणि मुलांनी दगा दिला. एरवी दोन घास खाईपर्यंत सात वेळा उठणारा धाकटा ओढणी बांधून घेऊन चक्क राजासारखा बसला. पाऊण तासानं बसल्या जागीच झोपला. थोरली वैमानिक झाली होती. हातात ताट धरून तिनं हुकूम सोडला, "सगळ्यांनी घट्ट बसा. विमान सुटलं. आता उडालं! आता खाली काहीच नाही!"

मिनिटरावांनी खुर्चीचे हात असे धरले की बोटं पांढरी पडली. घर पहिल्या मजल्यावर, खुर्ची घरची, पंखा डोक्यावर, आणि हा गृहस्थ ओढणी सोडून उभा राहिला! सत्तावन्नाव्या मिनिटाला.

"बाबा, तू पडलास खाली!" थोरली ओरडली. "विमानातून!"

बायको हसता हसता त्यांच्या तोंडाकडे बघून थांबली. उठून तिनं सहलीची फाइल काढली, कारण दुसऱ्या दिवशी बाईंकडे पासपोर्ट द्यायचे होते. तिनं मोजले. एक, दोन, तीन.

"तुमचा?"

"मुदत संपली."

"कधी?"

"गेल्या वर्षी. मार्चात."

डब्यातली साखर कधी संपणार हे तारखेनिशी सांगणारा हा माणूस. त्याच्या हातून हे विसरणं शक्य नव्हतं, आणि ते तिला कळलं हे त्यांनाही कळलं.

"खाली रस्ता नसतो गं," ते हळूच म्हणाले. "बस बिघडली तर बाजूला घेता येते. तिथं बाजूला कुठे घ्यायचं?"

बायकोला हसूही आलं आणि रागही आला. "मग तसं सांगायचं होतं! दोन वर्षं माझ्या लेकराच्या रांगण्यावर कशाला ढकललंत? तिकडे थोरलीनं सगळं भोगलं. मला काय माहीत नाही वाटतं? ते कव्हर आधी एकदा मीच बदललं होतं."

मिनिटराव खाली बसले. मग म्हणाले, "उद्या रजा टाकतो. पासपोर्ट ऑफिसात जातो."

सहलीच्या बाईंनी पंधरा दिवसांची मुदत दिली. देवाची कृपा, बाराव्या दिवशी नवा पासपोर्ट हातात आला. त्यातला फोटो असा, की गृहस्थाला आत्ताच कोणीतरी ढगावर नेऊन बसवलंय.

राहिला थोरलीच्या रजेचा अर्ज. तो पालकांनी स्वतः आणून द्यायचा असा शाळेचा नियम. मिनिटरावांनी तो वर्गात जाऊन बाईंच्या हातात दिला. तिथून निघायचं, तर ते फळ्यापाशी जाऊन उभे राहिले.

"मुलांनो, ही गेली दोन वर्षं जे सांगत होती ते खरं होतं. जायचं राहिलं ते माझ्यामुळे. मला विमानाची भीती वाटते."

मागच्या बाकावरून एक आवाज आला, "काका, पण तुम्ही तर मोठे आहात."

"हो ना. भीतीही तेवढीच मोठी आहे."

"मग या वेळी कसे जाणार?"

"घाबरत घाबरत."

हे वर्गाला पटलं. एकाला जत्रेतल्या पाळण्याची भीती वाटत होती, एकीला कुत्र्याची, एकाला त्याच्या आत्याची. हात वर व्हायला लागले. बाई म्हणाल्या, "मला लिफ्टची," आणि सगळा वर्ग त्यांच्याकडे वळला.

थोरली पहिल्या बाकावर कानापर्यंत लाल होऊन बसली होती. "बाबा, झालं ना सांगून? आता जा ना तू!"

मिनिटराव दारापर्यंत गेले. मागे शेजारची मुलगी थोरलीला कोपरानं ढोसत विचारत होती, "ए, तुला खिडकी मिळणार?"

"मिळणार म्हणजे काय! बाबाला ती फुकट दिली तरी नकोय."