सैल सोड म्हणे!

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि सेरेब्रल पाल्सी पदरात आली. उजवं अंग ताठ, बोलणं जडसर. बुद्धी शाबूत आहे, शाळेत गणित शिकवते, तरी रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे माझ्याबद्दल आईलाच विचारतात. आणि उजवा हात तर नमुनाच! मन जरा धास्तावलं की त्याची मूठ वळते. उघड म्हटलं की आणखी आवळते. त्यावर जगाचा सल्ला एकच, "अगं, सैल सोड ना!" जशी काही मी हौसेनेच आवळून बसलेय.

हा हात सगळ्यात जास्त छळतो तो अष्टमीच्या पुष्पांजलीला. आमच्या घराण्याला कोलकात्यात बेहालाला राहून पिढ्या गेल्या, त्यामुळे घरातले घट आणि गल्लीच्या मंडपातली दुर्गा, दोन्ही आमचेच. ओंजळीत फुलं घेऊन मंत्र म्हणायचा आणि शेवटी ती वाहायची, एवढंच तर असतं. दर वर्षी मंत्र संपतो, माझी मूठ फुलांसकट मिटलेली राहते आणि आई शेंगा सोलाव्यात तशी एकेक बोट उलगडते. भोवतालच्या बायका "आहा रे", म्हणजे बिच्चारी, करत बघतात. यंदा मी आईला बजावलं, "माझ्या मुठीला कुणी हात लावायचा नाही. माझं मला फूल वाहता आलं तर ठीक, नाहीतर ही माझी शेवटची अष्टमी." आई म्हणाली, "देवीला धमक्या देतेस होय गं?" म्हटलं, "हो, देते."

मंडपात खुर्ची मिळाली, फुलं मिळाली. पहिल्याच मंत्राला मूठ गच्च. मी मनातल्या मनात तिला विनवलं, दटावलं, शिव्याही घातल्या. ढिम्म. रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाच संताप आला. तेवढ्यात शेजारची एक अनोळखी बाई माझ्याकडे वळली. कडेवर तान्ही मुलगी, त्यामुळे ओंजळ करता येईना, बिचारी मेटाकुटीला आलेली. "दीदी, एकटू धोरुन तो!" म्हणजे जरा धरा हो, असं म्हणून तिने पोर सरळ माझ्या मांडीवर ठेवली. आई ओरडली, "अहो, तिच्याकडे नको!" मराठीत ओरडली, बाईला काय कळणार!

माझ्या हाती आजवर कुणी मूल दिलं नव्हतं. भाचरंसुद्धा माझ्या शेजारी बसवतात, मांडीवर नाही. मी डाव्या हाताने तिला पोटाशी धरलं आणि मग मंत्र, मूठ, देवी, काही म्हणजे काही आठवलं नाही. पोरगी पडू नये, बस्स. तिने माझा चष्मा ओढला तेव्हा मी खाली पाहिलं. माझा उजवा हात उघडा होता. झेंडू, बेलपान, सगळं तिच्या झबल्यावर सांडलेलं. केव्हा सुटलं, मला माहीत नाही.

याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा, मी वाद घालणार नाही. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा आवळला आणि मी पुन्हा चिडले. पण इतकी वर्षं मी देवीकडे मदत मागत होते आणि त्या दिवशी माझ्याकडेच कुणी मदत मागितली, हे उपकार मी विसरणार नाही. सोडायचं कसं, ते मला आजही येत नाही. त्या घटकेला ते माझ्याकडून करवून घेतलं गेलं, एवढं खरं.

त्या अष्टमीला माझं लक्ष गेलं तोवर सगळ्यांची फुलं गोळा करून देवीपुढे नेणारी टोपली आमच्यापुढून निघून गेली होती. आई घाईघाईने वाकली, झबल्यावरची फुलं वेचून देवीपुढे टाकायला. मी तिला अडवलं.

"राहू दे गं आई," म्हटलं, "पोचली."