आम्ही सम्प्चुअसली जेवतो

माझ्या धाकट्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी चार इंग्रजी शब्दांनी मोडायला आणलं होतं. एरवी माझं इंग्रजी चांगलं होतं.

तेव्हा मी सोलापुरात एका गिरणीच्या हापिसात कारकून होतो. गोरा साहेब वाचून टाकून देई ती इंग्रजी वर्तमानपत्रं मी घरी आणी. (आई त्यांवर पापड वाळत घाली.) त्यांत लाटसाहेबांच्या मेजवान्यांची वर्णनं असत. ती वाचून मला शोध लागला की बडे लोक नुसते जेवतच नाहीत! ते 'सम्प्चुअसली' जेवतात, म्हणजे पंचपक्वान्नांच्या थाटात. राहतात ते 'लक्झुरिअसली', म्हणजे ऐश्वर्यात. असे शब्द मी वहीत उतरवले आणि ते कुणाच्या तरी अंगावर टाकायची संधी शोधू लागलो.

बहिणीला, म्हणजे गोदीला, एकोणिसावं लागलं होतं. दोन स्थळं पाहून गेली होती, ती गेलीच. तात्यांची, म्हणजे आमच्या वडिलांची, झोप उडाली होती. अशात माढ्याच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. त्यांना आईवडील नव्हते, सगळा कारभार चुलत्यांच्या हाती.

तात्या म्हणाले, "दत्तू, दोन ओळी टाक. मुलगी पाहायला या म्हणावं."

"मराठीत?"

"मग काय कानडीत?"

"तात्या, मुलगा मास्तर आहे. इंग्रजी पत्र गेलं की कसं वजन पडतं बघा!"

मी लिहिलं, की आम्ही 'लक्झुरिअसली' राहतो (दोन खोल्या, वर पत्रा). आम्ही 'सम्प्चुअसली' जेवतो (भाकरी, शेंगांची चटणी). आमची बहीण 'रॉयली' वाढली आहे, अगदी राजकन्येसारखी (विहिरीवरून रोज बारा घागरी). आपलं स्वागतही 'मॅग्निफिसन्टली', म्हणजे थाटामाटात, करू. तात्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "दोन ओळींना एवढा कागद कसा लागला रे?" त्यांचा संशय मी हसण्यावारी नेला.

पंधरा दिवस उत्तर नाही. मग एका सकाळी गल्लीत एक म्हातारबुवा दिसले. बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री. आमच्या पत्र्याकडे पाहत, दारातून आत डोकावत, पुन्हा चार पावलं मागं जाऊन पाहत. त्या काळी मुलगी पाहायच्या आधी मुलाकडचं कुणीतरी गुपचूप येऊन शेजारीपाजारी चौकशी करून जाई. हे साऱ्या सोलापूरला ठाऊक होतं. मलाही होतं! पण माझ्या त्या पत्रानंतर पाहुणे टांग्यातूनच उतरणार, अशी माझी खात्री होती.

"काय पाहिजे?" मी दरडावलं.

"काय न्हाय. हे घर तुमचंच की?"

"असेल. मग?"

"दुसरं कुटं हाय का? मोठं?"

चोर! माझी खात्री पटली.

"घरात माणसं किती?"

"चार पैलवान आहेत!"

"आन पोरगी?"

आता मात्र माझं टाळकं फिरलं. "पोरगीबिरगी कुणी नाही या घरात! चालते व्हा!"

म्हातारबुवांनी मान डोलावली. "मला वाटलंच हुतं," असं म्हणून ते थेट समोरच्या व्यंकम्माच्या ओट्यावर गेले. व्यंकम्मा मागवाल्याची, म्हणजे विणकराची, बायको, सुताच्या कांड्या भरत बसली होती. त्यांनी तिला हळूच विचारलं, "बाई, ह्यांनी पोरगी कुटं लपवलीया? येडी हाय का पांगळी?"

व्यंकम्माला हळू बोलणं माहीतच नव्हतं. "ओ गोदाक्का! तुला कोन येडी म्हन्तंय बघ!"

गोदी विहिरीकडून डोक्यावर एक नि कमरेवर एक घागर घेऊन आली. तात्या, आई बाहेर आले. म्हातारबुवांनी खिशातून कागद काढला. अक्षर माझंच होतं!

"मी माढ्याचा. मास्तराचा चुलता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या म्हणाले, "या, या, बसा."

"बसतो कशाला? पत्र वाचून आमचा पोरगा घाबरलाय! एवढी बडी मानसं, पोरगी राजकन्या, मग आमच्या गरीब मास्तराच्या गळ्यात का बांधत्यात? कायतरी खोट हाय म्हणून बघाया आलो, तर ह्यो म्हणतो पोरगीच न्हाय!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी व्यंकम्माच्या कांड्या मोजू लागलो. गोदीनं घागरी उतरवल्या, पदर नीट केला आणि नमस्कार केला.

"काका, ती मी. पाणी मी भरते, भाकरी मी करते. ते ऐश्वर्य सगळं दादाच्या वहीत आहे. तवा तापलाय, बसा."

काका बसले. पण संशय काही फिटेना! भाकरी मोडता मोडता आतल्या खोलीत डोकावले, गोदीला दोनदा पाणी आणायला लावून तिची चाल पाहिली, व्यंकम्माला पुन्हा एकदा हाक मारून विचारलं. तिसरी भाकरी संपवून हात धुतले आणि गंभीरपणे म्हणाले, "तात्या, खोट सापडली."

तात्यांचा चेहरा उतरला. आईनं डोळ्याला पदर लावला.

"तुमच्या पोरात हाय. पण त्याला काय आमाला न्यायाचा न्हाय! पोरगी दिली असं समजू का?"

तात्यांनी आनंदानं दोन्ही हात जोडले. पोरात खोट नाही असं म्हणायला मात्र एकही माणूस पुढं आलं नाही, आईसुद्धा!