जवायाने ब्रेकला तेल घातलं

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा घरी आला की आई त्याच्याशी उभ्यानेच बोलते. जवाई आहे ना तो. अकोल्याहून अमरावतीला यायचं, पाण्याच्या मोटरीपासून देवघरातल्या दिव्यांच्या माळेपर्यंत सगळ्यात हात घालायचा, बिघडवायचं आणि वर चहा मागायचा. मला तो कधीच आवडला नाही, आणि ते त्याला माहीत होतं.

त्या खेपेला तो बहिणीला घेऊन आला होता, आणि त्याची नजर माझ्या सायकलवर गेली. मी क्लासेसमध्ये शिकवते, रोज सायकलनेच जाते. धुळीने तिचे डिस्क ब्रेक किंचाळायचे. मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्याने बिजागऱ्यांसाठी आणलेला तेलाचा स्प्रे दोन्ही चाकांच्या डिस्कवर मारला. मला सांगितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री तलावाच्या उतारावर मी ब्रेक दाबले. दाबतच राहिले, पण सायकल थांबेना. समोर ऑटो वळत होता. मी सायकल रस्त्याकडेच्या मुरुमाच्या ढिगात घातली. कोपर सोललं, सलवार गुडघ्यावर फाटली.

घरी आले तर भाऊजी पोहे खात होते.

"ब्रेकवर काय टाकलं तुम्ही?"

"तेल. आवाज गेला ना?"

"ब्रेकवर तेल टाकतात काय?"

"तुलेच ब्रेक मारता येत नाई. पोरीच्या जातीनं साधी सायकल घ्यावी."

"जाऊ दे वं," आई मधे पडली. "जवाई हायेत ते." माझ्या कोपराचं रक्त तिला त्यानंतर दिसलं.

डिस्कला चिमटीत पकडणारे ब्रेकचे पॅड तेल प्यायले की कामाचे राहत नाहीत. मी नवे घेऊन आले आणि मागच्या अंगणात बसले. बहीण न विचारता चाक धरून बसली. आम्ही डिस्क साबणाच्या पाण्याने धुतल्या, मग स्पिरिटने पुसल्या.

"बोट नको लावू, हाताचा तेलकटपणाही लागतो," मी म्हटलं.

ती खाली पाहत म्हणाली, "माही शिलाई मशीन अशीच खोलली यायनं. अजून डब्यात पडून आहे. अन् मलेच म्हणतात, तुले चालवता येत नव्हती."

नवे पॅड लगेच पकडत नाहीत. वेग घ्यायचा, एकच ब्रेक हळूहळू दाबत पायी चालण्याइतक्या वेगावर यायचं, पण पूर्ण थांबायचं नाही, चाक अडकू द्यायचं नाही. सोडायचं, पुन्हा वेग घ्यायचा. असं पुष्कळदा केलं की पॅड डिस्कवर बसतात. माझं कोपर तर वाकतही नव्हतं.

"मी करू?" बहीण म्हणाली. कॉलेज सुटल्यापासून ती सायकलवर बसली नव्हती. ओढणी माझ्या हातात देऊन ती गल्लीत निघाली. पहिल्या फेरीला डगमगली, मग नाही.

भाऊजी फाटकात आले. "हे काय लावलं? लोकं पाहून राहिले!"

ती पुढून निघून गेली.

"थांबायचं तं पुरी थांब ना! अर्धवट कायचा ब्रेक मारते?"

"पुरं थांबायचंच नसते," मी म्हटलं.

"तुले नाई इचारलं."

तो सरळ गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. बहीण कोपऱ्यावरून वेगात आली. त्याच्यापासून चार हातांवर तिने ब्रेक दाबला, सायकल एकदम मंदावली, आणि ती त्याला वळसा घालून पुन्हा वेगात गेली. त्याच्याकडे बघितलंही नाही. पुढच्या फेरीला तसंच. मग पुन्हा. समोरच्या गच्चीवरच्या बाया हसल्या तेव्हा तो बाजूला झाला.

सगळ्या फेऱ्या संपवून, घामाघूम होऊन तिने सायकल माझ्याकडे दिली. "आता पकडते," एवढंच म्हणाली.

"सामान भर, निघू," तो म्हणाला. परत जायला अजून एक दिवस होता. ती त्याच्याबरोबर गेली. मी फाटकापर्यंतही गेले नाही, त्यावरून आईने मला ऐकवलं. मीही आईला उलट ऐकवलं.

तो तेव्हापासून आमच्याकडे आला नाही. बहीण मधून मधून एसटीने एकटीच येते. भाऊजी कसे आहेत, हे मी विचारत नाही.