ग्रीकांचे गुलाम आणि माझे वडील

टँकरच्या डिझेलचा वास आला की मला कॉलेजातला तो तास आठवतो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, दुष्काळ होता, खिडकीखाली टँकरभोवती घागरी आदळत होत्या. राज्यशास्त्राचे सर एका ग्रीक तत्त्ववेत्त्याचं मत सांगत होते, की काही माणसं जन्मतःच गुलामीसाठी घडलेली असतात. सगळे निमूट लिहून घेत होते. माझे वडील सालगडी होते, आणि ते ज्यांच्या शेतात राबायचे त्यांचा मुलगा माझ्या पुढच्याच बाकावर होता. तरी मी उठले. विचारलं, "सर, माझे वडील सालगडी हायत. ते बी जन्मानंच गुलाम का?" तो मुलगा वळून माझ्याकडे रोखून बघू लागला. वडिलांचं काम गेलं, असंच मला वाटलं. सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "न्हाई. हा माणूस लई शहाणा होता, पर इथं चुकला. लिहून घ्या सगळ्यांनी, चुकला." पुढच्या बाकावरच्या मुलानंही मान खाली घालून ते लिहिलं. वडिलांचं काम टिकलं. आता मी तोच विषय शिकवते, आणि त्या मतापाशी आल्यावर सगळा वर्ग मुकाट्यानं लिहून घेऊ लागला, की मी खडू खाली ठेवते आणि कुणीतरी उठून विचारायची वाट बघते.